सोळा गाठींचा धागा

साचेखात्यात कुणालाच काही ऐकू येत नाही, आणि म्हणूनच तिथे कुणालाच काही लपवता येत नाही. सूत कातणारे चाळीस साचे एकदम सुरू झाले की कानाशी ओरडलेलंही कळत नाही. मग बायका ओठ वाचतात. वीस पावलांवरून वाचतात, अर्धा चेहरा दिसला तरी वाचतात, शिव्या तर पाठमोऱ्या मानेवरूनही ओळखतात. बाहेरच्या माणसाला हे माहीत नसतं. तो आत येतो, आवाजाने गांगरतो, आणि आपलं कुणाला ऐकू जात नाही या भरवशावर मनातलं मोठ्याने बोलून बसतो.

त्याचंही तसंच झालं.

काखेत वही, खिशाला दोन पेनं, अंगात इस्त्रीचा शर्ट, असा तो सातव्या साच्यापाशी थबकला. तिथे ती उभी होती. तिच्यासमोरचा धागा नुकताच तुटला होता. तिने सूत गुंडाळणारी फिरती चाती गुडघ्याने अडवली, बॉबिनवरचं हरवलेलं टोक शोधलं, वर नेऊन पेळूच्या – म्हणजे न कातलेल्या मऊ दोरीच्या – तोंडाला टेकवलं आणि गुडघा काढला. धागा पुन्हा धावू लागला. कुठे सांधलं ते शोधूनही सापडलं नसतं. हे ती दिवसातून पंधरा-वीस वेळा करायची, आणि इतक्या वर्षांत तिकडे कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं.

तो मात्र पाहतच राहिला. मग स्वतःशीच, खणखणीत म्हणाला, "आयला... हे हात आहेत की काय आहे? आणि डोळे तर –"

डोळ्यांचं काय, ते राहूनच गेलं. कारण समोरच्या रांगेतल्या अकरा बायका एकदम हसल्या.

चहाच्या सुट्टीत, बाहेरच्या शांत ओसरीवर, ती पेला घेऊन सरळ त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"साहेब, डोळ्यांचं राहिलं."

त्याचे कान लाल झाले. "तुम्हाला... ऐकू आलं?"

"ऐकू नाही आलं. दिसलं. अकरा जणींना दिसलं. आत मनातलं बोलायचं झालं तर तोंडावर रुमाल धरत जा."

"आणि रुमाल नसला तर?"

"तर मनात चांगलं आणत जा."

"चांगलंच होतं," तो म्हणाला. आणि पेल्यात तोंड घातलं.

गिरणीत तिला कात्री म्हणत. दिवसभर तुटलेलं सांधणाऱ्या बाईला कात्री म्हणायचं, हा शेजारच्या साच्यावरच्या मावशीचा विनोद. नाव हातावरून नव्हे, जिभेवरून पडलेलं. त्याला दुसऱ्याच दिवशी मोजणी हे नाव पडलं, कारण तो धाग्याची तूट, म्हणजे धागा किती वेळा तुटतो ते, मोजायला आला होता.

गिरणीत आजवर कापसाचं सूत निघत होतं आणि कापसाच्या सुताला गिऱ्हाईक उरलं नव्हतं. एका कंपनीला केळीच्या खोडाचं सूत हवं होतं. घड उतरवला की जे खोड माणसं फेकून देतात, ते सोलून काढलेले तंतू. चाचणी घ्यायला कंपनीने मोजणीला पाठवलं होतं. मॅनेजरने सगळ्यांना अंगणात उभं केलं, स्वतः खुर्चीवर बसला आणि सांगितलं, "साठ चात्यांच्या एका साच्यावर, एका पाळीत वीसच्या आत तूट. सलग सहा दिवस. तर माल पास. नाही तर बत्तीस जणींना घरी बसावं लागेल." बत्तीस जणी. त्याला आकडा पाठ होता. एकीचाही चेहरा पाठ नव्हता.

चाचणीला साचा निवडला सातवा. का, ते मोजणीने सांगितलं नाही, पण अकरा बायकांना ठाऊक होतं.

केळीचा तंतू घोड्याच्या शेपटीसारखा चकचकीत आणि तेवढाच हट्टी. पहिल्या दिवशी एकशेचाळीस वेळा तुटला. त्याने पुस्तकातले उपाय केले. तंतू मऊ करायला द्रावणात भिजवला, त्यात कापूस मिसळला, छतातल्या नळ्यांतून तुषार सोडले. बाहेर कोरडं ठणठणीत ऊन आणि आत दिवसभर भुरभुर, असे ते दिवस. तिच्या केसांवर बारीक थेंब साचायचे. तो वहीत बघायचा, मग केसांकडे बघायचा, मग पुन्हा वहीत, आणि वहीत त्या वेळी काहीही लिहिलेलं नसायचं.

तूट नव्वदवर आली आणि अडली. तेव्हा एक दिवस तिने तंतूंची जुडी बोटांतून ओढली, उलटी धरून पुन्हा ओढली, आणि त्याला बोलावलं.

"हात द्या इकडे. पुस्तक ठेवा खाली. आता ओढा... कसं लागतंय?"

"मऊ."

"आता या बाजूने."

"खरखरीत," तो चमकून म्हणाला.

"याला बुडखा आहे नि शेंडा आहे. मुलीची वेणी घालताना खालून वर विंचरता का तुम्ही? तुमचं यंत्र अर्ध्या जुड्या उलट्या विंचरतंय. मग तुटेल नाही तर काय."

त्या दिवसापासून सगळ्या जुड्या एका दिशेने लावल्या गेल्या आणि तूट साठवर आली. त्याने वही उघडली. "हे कुणी शोधलं म्हणून लिहू?"

"लिहा की तुमचंच. असंच लिहितात."

त्याने लिहिलं, 'सातव्या साच्यावरच्या बाईंनी बोटांनी शोधून काढलं.' आणि वही तिच्यापुढे धरली. तिने ते दोनदा वाचलं. तिच्या आईने या गिरणीत सव्वीस वर्षं काढली, कान घालवले. तिच्याबद्दल कुणी अर्धी ओळ लिहिली नव्हती. तिला एकदम काही बोलता येईना. कात्रीला बोलता येईना, ही बातमी संध्याकाळपर्यंत चाळीस साच्यांवर पोचली.

मग तिने त्याला ओठ वाचायला शिकवलं. साच्याच्या पलीकडे उभं राहून ती सावकाश शब्द मांडायची.

"तुमच्या... शर्टाचं... बटण... उलटं... लागलंय."

तो खाली बघायचा. बटण नीटच असायचं. मावशी पोट धरून हसायची.

"आता तुम्ही सांगा," ती म्हणायची.

"तुमच्या... नाकावर... कापूस... आहे."

"खोटं."

"बघा तर."

ती बघायची. कापूस असायचाच. साचेखात्यात कुणाच्या नाकावर कापूस नसतो?

पस्तीस. अठ्ठावीस. आकडा खाली आला की खात्यात आनंद व्हायचा, आणि ती त्याच्या वहीत किती पानं उरलीत ते बघायची. तिने एकदा ओसरीवर विचारलंच, "पास झालं की तुम्ही?"

"दुसरी गिरणी. इथून दोन दिवसांची वाट."

"आणि तिथे?"

"तिथला सातवा साचा."

"त्याच्यावर पुरुष असेल. मिशीवाला."

"हात बघावे लागतील," तो म्हणाला. दोघं हसली. मग दोघंही हसायची थांबली, आणि चहा तसाच गार झाला.

त्याच आठवड्यात एकदा धागा तुटला आणि तिचं बोट थांबलं. क्षणभरच. आपण जरा ढिलाई केली, धागे जरा जास्त तुटू दिले, तर तो आणखी पंधरा दिवस राहील... समोर मावशी चष्मा पुसत होती. मावशीच्या घरात पाच तोंडं आणि कमावणारी ती एकटी. तिने धागा सांधला. इतका घट्ट सांधला की बोटावर वळ उठला.

घरी आई तिचे ओठ वाचायची. ऐकू येत नसल्याने आईला दुसरा मार्गच नव्हता. "कोण आहे?" आईने विचारलं.

"कोण कुठे?"

"भाजीत दोनदा मीठ आहे. कोण आहे?"

"मी काही बोलले का?"

"तू बोलतेस तेव्हा मी थोडं वाचते," आई म्हणाली. "गप्प असतेस तेव्हा सगळं."

आकडा तेवीसवर येऊन थांबला. तेवीस, चोवीस, बावीस, तेवीस. एक आठवडा गेला, वर दोन दिवस गेले. खात्याबाहेरच्या फळ्यावर मोजणी रोज संध्याकाळी आकडा लिहायचा आणि मान खाली घालून जायचा. दहाव्या दिवशी सकाळी मॅनेजरने पुन्हा खुर्ची मागवली. "वीसच्या आत येत नाही. सोमवारी बत्तीस जणींची यादी लागेल."

ती घरी आली आणि पत्र्याचा डबा उघडला. डब्यात धागे होते.

याची जुनी गोष्ट आहे. पूर्वी मुकादम बायकांच्या नावावर वाटेल तेवढी तूट लिहायचे आणि त्यावरून त्यांना हाकलायचे. तेव्हा आईच्या वेळच्या बायकांनी कमरेला एक रद्दी धागा लावायला सुरुवात केली. साच्यावर एक धागा तुटला की या धाग्याला एक गाठ. लिहिणाऱ्याच्या वहीला बायकांची वही. ती सवय अजून होती, पण पाळी संपली की धागा कचऱ्यात जायचा. चाचणीचे धागे मात्र तिने जपले होते. का जपले, ते तिने स्वतःलाही सांगितलं नव्हतं. आणि गाठी मोजल्या नव्हत्या. ज्याने तिचं खरं श्रेय लिहिलं, त्याच्या आकड्यावर मोजदाद कशाला करायची?

आता मायलेकी समोरासमोर बसल्या. आईची बोटं झरझर चालली. सतरा. पंधरा. अठरा. सोळा. शेवटचे दहाही धागे वीसच्या आतले. आजच्या धाग्याला सोळा गाठी. फळ्यावर होते तेवीस.

"कुणी लिहिलं?" आईने विचारलं.

ती काही बोलली नाही. आईने वाचलं.

दुसऱ्या दिवशी चहाच्या सुट्टीत ती त्याला गोदामात घेऊन गेली. केळीच्या तंतूंच्या गासड्या छतापर्यंत रचलेल्या होत्या आणि ओल्या पाल्याचा वास होता. तिने दहा धागे त्याच्या हातात ठेवले.

"मोजा."

तो मोजेना. त्याने नुसतं बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"मी मोजलेत," ती म्हणाली. "गाठी मी मारल्या आणि तेवीस तू लिहिलेस. माल पाच दिवसांपूर्वीच पास झालाय. का लिहिलंस?"

पहिल्यांदा त्याला 'तू' म्हणाली ती अशी.

"सहा दिवस पुरे झाले असते," तो अडखळत म्हणाला, "तर मला जावं लागलं असतं. मला जायचं नव्हतं... तुझ्यापासून."

सात आठवडे ज्या वाक्यासाठी तिने कान असून नसल्यासारखे ओठ बघितले होते, ते वाक्य आलं. आणि आलं ते असं, चोरीच्या मालासारखं. तिला ते फाडून टाकावंसं वाटलं, आणि कुठेतरी जपूनही ठेवावंसं वाटलं, आणि या दुसऱ्या वाटण्याचा तिला जास्त राग आला.

"सोमवारी यादी लागतेय."

"मी सोमवारच्या आत नीट करणार होतो."

"म्हणजे कधी? तुझं मन भरल्यावर? मावशीच्या घरी पाच माणसं जेवतात. तू तिच्या जिवावर माझ्याकडे बघत बसलास." तिचा आवाज चढला नाही. साचेखात्यातल्या बायकांना ओरडायची सवयच नसते. "मलाही वाटलं होतं. माझंही बोट थांबलं होतं एकदा. मी सांधलं. तुझ्या हातात पेन होतं, तुला तेवढंही जमलं नाही? या वहीत तू माझ्या बोटांचं खरं लिहिलंस. आणि त्याच वहीत, त्याच बोटांवर खोटं लिहिलंस."

"चुकलो," तो म्हणाला. "काय करू?"

"जा आणि सांग. आणि मग गावातूनच जा. मी बोलावल्याशिवाय तोंड दाखवू नकोस."

मॅनेजरची खोली काचेची होती, खात्यावर नजर ठेवायला केलेली. नजर दोन्ही बाजूंनी जाते, हे काच बसवणाऱ्याच्या लक्षात आलं नव्हतं. सगळ्या बायकांनी वाचलं.

"आकडे खोटे आहेत," काचेपलीकडचा तो म्हणाला. "मी लिहिले. बायकांचं काम पास झालंय. हे धागे मोजा."

मॅनेजरची पाठ होती. त्याने काहीतरी विचारलं.

"कारण?" तो म्हणाला. मग काचेबाहेर, सातव्या साच्याकडे बघून, "कारण खाजगी आहे."

"येडा आहे," मावशीने ओठ हलवले. "पण ओठ स्वच्छ आहेत."

कात्रीने तिकडे लक्ष दिलं नाही. दोन धागे तुटले होते.

माल पास झाला. यादी लागली नाही. त्याच्या कंपनीने त्याची वही काढून घेतली आणि त्याला खोडं सोलायच्या शेडवर धाडलं, जिथून तंतू येत होते तिथे. केळीच्या चिकाने हात काळे होतात आणि महिनोन्महिने निघत नाहीत, असलं काम. जाण्याच्या दिवशी तो पिशवी घेऊन खात्याच्या दारात आला. सगळे साचे चालू होते. त्याने तिच्याकडे बघितलं आणि ओठ उघडले.

साचेखात्यात न ऐकण्याचा एकच मार्ग असतो, नजर फिरवायची. तिने फिरवली.

पुन्हा बघितलं तेव्हा दारात नुसतं ऊन होतं.

महिन्याने शेडवरून गासड्या आल्या. एकीच्या तोंडाला, बांधायच्या दोरीखाली, एक धागा अडकवला होता. चिकाने तपकिरी झालेला. त्याला सव्वीस गाठी. तिने मनातल्या मनात दिवस मोजले. तो गेला त्या दिवसापासून गासडीवर लिहिलेल्या बांधणीच्या तारखेपर्यंत, सव्वीसच. तिने धागा खिशात टाकला. पुढच्या महिन्यात तीस गाठी. मग एकतीस. मग पुन्हा तीस. एकाही दिवसाची लबाडी नाही. हळूहळू गाठी नीट बसू लागल्या होत्या; पहिल्या धाग्यावरच्या अगदीच अडाणी, शिकल्यासवरल्या माणसाच्या होत्या.

काम जोरात चाललं होतं. बत्तीस जणी होत्या तिथेच होत्या. फळ्यावर आता आकडा कात्री लिहायची. हे बायकांनी मॅनेजरशी भांडून मिळवलं होतं. अकरा, नऊ, दहा, असे आकडे. छतातून तुषार पडत, केसांवर थेंब साचत, आणि साच्यापलीकडे, जिथे तो उभा राहून चुकीचं काहीतरी वाचायचा, तिथे एक रिकामी बादली असायची. तिने ती बादली तीनदा हलवली. जागा भरेना.

चौथा धागा आला त्या दिवशी तिने साच्यावरूनच मावशीकडे बघितलं.

"मावशी. त्या दिवशी दारात... काय म्हणाला तो?"

मावशीने चष्मा वर केला. "विचारायला चार महिने लावलेस. मला वाटलं, मी मेल्यावर विचारशील."

"सांग ना."

"तू तोंड फिरवलंस तरी बोलला. एकच शब्द."

"कुठला?"

मावशीचे ओठ हलले. "बोलाव."

तिने ते वाचलं. मग मावशीला पुन्हा म्हणायला लावलं. मावशीने पुन्हा म्हटलं, आणि वर एक शिवीही दिली, ती कुणाला ते कळलं नाही.

घरी तिने चारही धागे मांडीवर घेतले. टोकाला टोक लावलं, ओल्या बोटांनी पीळ उकलला, एकमेकांत घातला, पुन्हा पीळ दिला. चारांचा एक धागा झाला. गाठी सगळ्या राहू दिल्या. त्या त्याच्या होत्या. सांधे मात्र कुठेच दिसत नव्हते. आई समोर बसून बघत होती.

"राग गेला?" आईने विचारलं.

"नाही."

"मग?"

"राग समोर आल्यावर काढीन. इतक्या लांबून नीट काढता येत नाही."

आईने मान हलवली आणि कागद-पेन्सिल पुढे सरकवली. तिने एकच शब्द लिहिला. 'ये.' खोडला नाही, वर काही जोडलं नाही. कागद धाग्याने बांधला.

सकाळी रिकामी पोती घेऊन ट्रक शेडकडे निघाला तेव्हा सगळ्यात वरच्या पोत्याच्या तोंडाला ते बांधलेलं होतं. ती फाटकात उभी राहिली. ट्रक वळला. मग भोंगा झाला आणि ती साच्यावर गेली.

तो दिवस काही धड नव्हता. धागा तुटायचा आणि तिचं लक्ष दाराकडे असायचं. ट्रक पोचायलाच दोन दिवस लागतात हे तिला माहीत होतं. तरी दाराकडे. मावशी तिकडून ओठांनी बोंब मारायची, "अगं, चौथी चाती... अगं, बारावी..." कमरेचा धागा गाठींनी जड झाला.

पाळी संपल्यावर तिने मोजलं. एकतीस.

"वीसच लिही," मावशी ओसरीवर म्हणाली. "एका दिवसाने काय होतंय? कोण मोजतंय?"

"मी मोजतेय."

मॅनेजर फळ्यापाशीच उभा होता. "एकतीस? काय झालं आज? माल खराब आला का?"

"माल चांगला आहे."

"साचा?"

"साचाही चांगला आहे."

"मग कारण काय?"

"कारण खाजगी आहे," कात्री म्हणाली. तिने खडू घेतला आणि सगळ्यांना वाचता येईल एवढं मोठं लिहिलं – एकतीस.